दर वर्षी तीन टक्के

संचालिका : हाच आकडा परत वाचा, काका. सावकाश.

पर्यवेक्षक : शिवणकाम चालतं अशी घरं, बेचाळीस हजार चारशे. त्याआधीच्या वर्षी एकेचाळीस हजार एकशे पासष्ट.

संचालिका : बरोबर तीन टक्के वाढ. मागची चारही वर्षं तेवढीच, ना कमी ना जास्त. बायका इतक्या शिस्तीत शिवायला बसतात?

पर्यवेक्षक : मॅडम, पाच वर्षांचा आराखडा उद्या सचिवांपुढे जायचाय. आजच हे कशाला उकरून काढता?

संचालिका : कारण आराखड्याचं पहिलंच वाक्य आहे, ‘घरगुती उद्योगांची पाहणी दर वर्षी नियमित होते.’ याच आकड्यांवर देशाच्या उत्पन्नाचा हिशेब उभा राहतो. झाली होती का पाहणी?

पर्यवेक्षक : नाही.

संचालिका : एकदाही?

पर्यवेक्षक : चार वर्षांत एकदाही नाही. दारोदार जाऊन मोजणी करणारे एकोणीस गणक होते. अकरा निवृत्त झाले, जागा भरल्याच नाहीत. उरलेल्या आठांना कधी निवडणुकीच्या, कधी लसीकरणाच्या कामाला ओढून नेलं. पहिल्या वर्षी म्हटलं, एवढी एक वेळ निभावून नेऊ. मागच्या आकड्यात तीन टक्के मिळवले. कुणी विचारलं नाही. मग अंगवळणीच पडलं. सत्तावीस वर्षं उन्हातान्हात दारं वाजवली, मॅडम, आणि शेवटची चार खुर्चीत बसून थापा मारल्या.

संचालिका : मला का नाही सांगितलंत?

पर्यवेक्षक : तुमच्या आधीच्या साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, एवढ्या मोठ्या हिशेबात हे चिमूटभर मीठ, कुणाला चव कळतेय. तुमच्यापुढे यायला तोंड नव्हतं.

संचालिका : गेल्या वर्षी नदीपलीकडे या बायकांसाठी पाळणाघर बांधलं. आपल्याच आकड्यांवरून.

पर्यवेक्षक : बघून आलो मी. पाळणे रिकामे आहेत. तिथला शिवणाचं काम देणारा कारखाना बंद पडला तशा बायका स्टेशनामागच्या वस्तीत गेल्या. मग तिकडेही गेलो. एक बाई शिवत बसली होती. रांगतं पोर सुईपाशी येतं, म्हणून त्याला ओढणीनं खाटेच्या पायाला बांधून ठेवलेलं. मी ओळखपत्र खिशात घातलं आणि परत आलो.

संचालिका : तरी गप्प बसलात.

पर्यवेक्षक : निवृत्तीला आठ महिने उरलेत. घाबरलो. आता आणखी खोटं कशाला बोलू?

संचालिका : पेन द्या तो.

पर्यवेक्षक : खोडून काय लिहिणार?

संचालिका : ‘चार वर्षं पाहणी झालेली नाही. आकडे अंदाजाने भरले आहेत.’ नव्या संगणकांच्या मागणीचं पान मागे टाकू. आधी माणसं मागू.

पर्यवेक्षक : माझी नोकरी तर जाईलच. पण शेवटच्या दोन वर्षांच्या कागदांवर तुमची सही आहे.

संचालिका : आहे. न बघता केलीय. म्हणून उद्या दोघांनी जायचं.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, सचिवांच्या खोलीत.)

सचिव : आराखडा चांगला आहे. फक्त पहिलं पान काढा.

संचालिका : ते काढलं तर बाकीची चाळीस पानं रद्दीत जमा, सर.

सचिव : मॅडम, खरी मोजणी केलीत आणि आकडा घसरला, तर वाढीचा दरही घसरणार. वरती मी काय सांगू?

संचालिका : घसरेल की चढेल, तेच आपल्याला माहीत नाही. मागच्या चारही वर्षांचे आकडे दुरुस्त करू आणि का केले ते छापू.

सचिव : छापायचं कशाला? गुपचूप दुरुस्त करा.

संचालिका : मग पुढचा आकडा खरा आहे, हे कुणी का मानावं?

सचिव : आणि चूक कुणाची, तेही छापायचं?

पर्यवेक्षक : माझी छापा, साहेब. आकडे मी भरले.

संचालिका : सही माझी आहे.

सचिव : वाटणी नंतर करा. चौकशी दोघांचीही लागेल, ती मला टाळता येणार नाही. माणसं किती हवीत?

संचालिका : एकोणीस.

सचिव : तुमचे आठ आजच परत देतो. त्यांना दुसऱ्या कामाला लावणार नाही, तसं लेखी देतो. नवे मात्र सहा. त्यापुढे माझा हात पोचत नाही.

पर्यवेक्षक : चौदा जणांत स्टेशनामागची वस्ती महिन्यात उरकेल, साहेब. नव्यांना मी तयार करतो. चौकशी एकीकडे चालू दे.

सचिव : राहू द्या ते पहिलं पान. आणि निघा आता, माझं मन बदलायच्या आत.

संचालिका : जिना जपून उतरा, काका. खोलीतून पळतच सुटलात.

पर्यवेक्षक : खरं बोलायची सवय मोडली होती, मॅडम.

संचालिका : सोमवारी मोजणीला किती वाजता निघायचं?

पर्यवेक्षक : सातला. बायका एकदा कामाला बसल्या की त्यांना उठवणं बरं नव्हे. पण तुम्ही कशाला? दारोदार फिरावं लागेल.

संचालिका : तेच तर कधी केलं नाही मी. कसं विचारायचं ते शिकवा.

पर्यवेक्षक : दारातच उभं राहायचं, आत डोकावायचं नाही. कामाबद्दल विचारलं की बाई म्हणेल, ‘मी काही करत नाही.’ शिवणाला त्या काम धरतच नाहीत. ते लगेच लिहून घ्यायचं नाही. जरा थांबायचं.