खाकी आणि निळा

थोरल्या लेकीला जुळी झाली त्या वर्षी पोस्टमन दवाखान्याच्या बाकावर बसून होता. शेजारी एक म्हातारी गोधडी शिवत होती आणि पलीकडची बाई तिला बोलतं करत होती.

"आजी, दोनच रंग?"

"ह्यांचे तेवढेच कपडे. जन्मभर बस चालवली. कामावर खाकी, घरी निळा."

"पण तुकडे कसेही लावलेत. आधी आखून घ्यायचं."

"आखून काय करू, बाई? हाताला येईल तो लावायचा. मग त्याच्याकडे बघून पुढचा."

"हा कोपरा का मोकळा?"

"तिथं निळाच हवा. खाकीला खाकी लावली की मळकट दिसतं."

"माझ्याकडे लाल कापड आहे. देऊ?"

"नको गं. लाल दिसलं की ब्रेक मारतील हे."

"निळं संपलं वाटतं?"

"एक चांगला सदरा आहे पिशवीत. पण बरे झाले की तो घालून ते घरी यायचेत."

"घरी कोण असतं?"

"दोघंच. सध्या रेडिओ बोलतो, मी हो म्हणते."

"मग कोपरा राहू दे तसाच."

"राहू दे. तेवढी थंडी वाजली तर वाजली."

पुढच्या मंगळवारी पोस्टमन लेकीला न्यायला आला, तेव्हा म्हातारी दवाखान्याच्या कागदांची वाट बघत त्याच बाकावर एकटीच बसली होती. मांडीवर गोधडीची घडी होती. कोपऱ्यात निळा तुकडा बसला होता आणि त्याच्यावर सदऱ्याचं बटण तसंच होतं.

तिचा नवरा, बसचा ड्रायव्हर, सोमवारी सकाळी वारला होता.