असली टिपची पारख

सलीमले घेऊन कोणत्याच दुकानात जाऊ नका, सांगून ठेवतो. माह्या घरच्या छोट्या लेथ मशीनसाठी लोखंड कापाची कार्बाइडची टिप घ्यायले आम्ही दोघं दोस्त खामगावले गेलो. मागची डुप्लिकेट निघाली होती. लोखंड राह्यलं तसंच अन् टिपच झिजली. दुकानदारानं सोन्यावानी चमकणारी टिप माह्या हातावर ठेवली.

सलीम म्हणे, "शेठ, असली हाये हे कायच्यावरून समजाचं?"

"अरे भाऊ, काच कापते हे, काच!" शेठ छाती फुगवून बोलला.

सलीमनं टिप उचलली अन् काउंटरच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कर्रकन रेघ ओढली.

"अबे, माही काच!" शेठ बोंबलला.

सलीम माह्याकडे पाहून म्हणे, "घे बे, असली हाये."