मोलिनासाहेब जिरोना बघतात

इझिद्रे : आणि ही हॅट कशासाठी?

बेनेट : ओळखू येऊ नये म्हणून.

इझिद्रे : ओळखू येतोयसच. फक्त हॅट घातलेला बेनेट दिसतोयस. सदतीस वर्षं या गावात दारोदार टपाल टाकलंस तू. इथली कुत्रीसुद्धा तुला पावलांवरून ओळखतात.

बेनेट : ती कुत्री मेली. आता आहेत ती नवीन आहेत. नीट ऐक. बाराच्या सुमाराला मी एका गाईडबरोबर इथे तुझ्या कॅफेत कॉफीला येणार. तू मला ओळखत नाहीस.

इझिद्रे : आत्ता ओळखतो, बाराला विसरतो. ठीक. माझी बायको म्हणतेच की सुरुवात झालीय म्हणून.

बेनेट : मी हाएनचा. दक्षिणेतून, अंदालुसियातून आलोय, जिरोना बघायला. तिकडे कॅटलान कोणाला येत नाही. नाव मोलिना.

इझिद्रे : मोलिना तर तुझ्या बायकोचं, रेमेचं माहेरचं आडनाव.

बेनेट : तिला आता लागत नाही.

इझिद्रे : अरे पण जिरोना बघायचंय तर खिडकी उघड ना! तू जन्मलास तेव्हापासून ते समोरच आहे.

बेनेट : मला काही बघायचं नाहीये. मला दिवसभर कोणीतरी माझ्याशी स्पॅनिशमध्ये बोलायला हवंय.

इझिद्रे : तुझा बाप कॅटलान, तुझी आई कॅटलान, तुझं मांजरसुद्धा कॅटलान.

बेनेट : बायको नव्हती ना कॅटलान. पहिल्या भेटीत तिला कॅटलान येत नव्हतं म्हणून स्पॅनिश बोललो. पुढे वर्षभरात ती इतकी शिकली की मासळीबाजारात कॅटलानमध्ये भांडायची आणि जिंकून यायची. पण आमच्या दोघांचं काही बदललं नाही. एकेचाळीस वर्षं. एकदा लग्नाच्या वाढदिवसाला ठरवून कॅटलान बोललो, तर दोघं एकमेकांना अहो-जाहो करायला लागलो.

इझिद्रे : ते ठाऊक आहे रे मला.

बेनेट : मग हेही ठाऊक असू दे. ती जाऊन दोन वर्षं झाली, आणि दोन वर्षांत मला कोणी स्पॅनिशमध्ये साधं 'सरक तिकडे' म्हटलेलं नाही. माझं तोंड बघितलं की कॅटलान. दवाखान्यात कॅटलान, दुकानात कॅटलान. पोरगा रॉटरडॅमहून रविवारी फोन करतो. माझ्याशी कॅटलान, आईशी स्पॅनिश, असं असायचं. आता अर्धाच फोन येतो.

इझिद्रे : टीव्ही लाव की मग.

बेनेट : लावतो. मी उत्तर दिलं तरी तो थांबत नाही.

इझिद्रे : तर मग मी बोलतो तुझ्याशी.

बेनेट : नाताळात बोलून झालं. तिसऱ्या वाक्याला तुला हसू फुटलं, चौथ्याला मला. दोघं पोलीस चौकीत जबानी देतोय असं वाटत होतं.

इझिद्रे : आणि त्या गाईडला कळलं की तू इथलाच, तर?

बेनेट : तर ती लगेच कॅटलानवर येणार. सभ्यपणा म्हणून. सगळेच येतात. म्हणून तर हॅट.

(पर्यटन कचेरीसमोरचा चौक, सकाळचे साडेदहा. इथून पुढे दोघं स्पॅनिश बोलतात. एकाला ती भाषा हवी आहे म्हणून, आणि दुसरीचं ते कामच आहे म्हणून.)

बिंता : मोलिनासाहेब ना? मी बिंता, तुमची आजची गाईड. आणखी चौघं येणार होते, सारागोसाचे. पण त्यांनी काल शिंपले खाल्ले. आज ते हॉटेलचं न्हाणीघर बघतायत, आळीपाळीने. म्हणजे तुम्ही एकटेच.

बेनेट : सवय आहे.

बिंता : हाएनहून आलात म्हणे. कसं आहे हाएन?

बेनेट : उजवीकडे ऑलिव्हची झाडं. डावीकडे ऑलिव्हची झाडं.

बिंता : आणि मध्ये?

बेनेट : मध्ये माझी सासू.

बिंता : एक विचारू? तिकडच्या लोकांचा 'ल' हलका असतो. तुमचा अगदी इथल्यासारखा आहे. तोंडात उकडलेला बटाटा धरून बोलल्यासारखा.

बेनेट : लहानपणी पडलो होतो.

बिंता : जिभेवर?

बेनेट : बटाट्यावर.

बिंता : बरं. या इकडून. ही खांबाला लटकलेली दगडी सिंहीण. इथे म्हण आहे, जो हिच्या ढुंगणाचा मुका घेत नाही तो जिरोनाकर होऊ शकत नाही. चढायला पायऱ्या ठेवल्यात. चढा.

बेनेट : नको. ही नक्कल आहे. अस्सल सिंहीण वर संग्रहालयात ठेवलीय.

बिंता : हे तुम्हाला कसं ठाऊक?

बेनेट : वाचलं.

बिंता : कुठे?

बेनेट : हाएनमध्ये. तिथे संध्याकाळी दुसरं काही करण्यासारखं नसतं.

बिंता : म्हणजे इतकी वर्षं लोक नकली ढुंगणाचा मुका घेऊन अस्सल जिरोनाकर होतायत.

बेनेट : तुम्ही घेतलात?

बिंता : शाळेच्या सहलीत. वर्गात सगळ्यांच्या आधी चढले. दोनदा घेतला. पहिला नीट लागला नसेल तर काय घ्या!

बेनेट : मग लागला का?

बिंता : निकाल यायचाय अजून. ... त्या वरच्या खिडकीतल्या बाई तुम्हाला हाक मारतायत का?

बेनेट : मला कुठे कळतं कॅटलान.

बिंता : 'बेनेट, ती हॅट बायकांची आहे,' असं म्हणाल्या. बेनेट कोण?

बेनेट : हॅटचं नाव असेल. तुम्ही सांगा पुढे. माश्यांचं काहीतरी सांगत होता.

बिंता : अजून सुरूच केलं नव्हतं मी माश्यांचं.

बेनेट : मग करा सुरू.

बिंता : तर, फ्रेंच सैन्य आलं. गाव लुटलं, आणि इथल्या संत नार्सिसची कबर फोडायला गेलं. कबरीतून माश्या निघाल्या. एवढ्या मोठ्या, निळ्या-हिरव्या. घोड्यांना चावल्या, माणसांना चावल्या. घोडे पटापट मेले आणि उरलेलं सैन्य पायी फ्रान्सला पळालं.

बेनेट : माझी बायको म्हणायची, माशीने अख्खं सैन्य उठतं, आणि माझा नवरा आरामखुर्चीतून उठत नाही.

बिंता : म्हणजे त्या येऊन गेल्यात इथे?

बेनेट : हो. येऊन गेली. ... परत सांगा ना.

बिंता : माश्यांचं?

बेनेट : कशाचंही. जरा हळू सांगा.

बिंता : बाकीचे लोक फोटो काढतात, मोलिनासाहेब. तुम्ही डोळे मिटून उभे राहता. समोर बाराव्या शतकातली भिंत आहे.

बेनेट : ती कुठे जात नाही. बोला तुम्ही.

बिंता : चला, आधी कॉफी घेऊ. ही जागा बरी दिसते.

बेनेट : मालक जरा विचित्र वाटतो. पण चालेल.

इझिद्रे : या, या, या! वा! काय नवीन चेहरा! आयुष्यात कधी पाहिला नाही असा चेहरा!

बेनेट : नमस्कार.

इझिद्रे : हाएनहून आलात वाटतं! प्रवास कसा झाला? आणि बाईसाहेब, तुम्ही काय घेणार?

बिंता : दुधाची कॉफी आणि एक शूशो. क्रीम ताजं असेल तर.

इझिद्रे : अरे वा! काय सुंदर कॅटलान बोलता हो तुम्ही! कुठून आलात?

बिंता : सॉल्टहून.

इझिद्रे : नाही, म्हणजे मूळच्या?

बिंता : मूळची सॉल्टच्या दवाखान्यातली. इथून चालत पाऊण तास. आणि मी मघापासून तुमच्याशी कॅटलान बोलतेय, तरी तुम्ही माझ्याशी स्पॅनिशच बोलताय.

इझिद्रे : मी? छे! ... बोलतोय का? तोंडाला आपोआप येतं हो. वाईट नका वाटून घेऊ.

बिंता : सगळ्यांच्याच तोंडाला येतं.

इझिद्रे : घ्या, ही तुमची कॉफी, हा शूशो. आणि ही पाहुण्यांची. बिनसाखरेची. मागच्या महिन्यात रक्तात जरा जास्तच निघाली ना.

बिंता : कोणाच्या रक्तात?

इझिद्रे : हाएनच्या... एकूणच तिकडच्या लोकांच्या.

बेनेट : इझिद्रे, गप बस की रे जरा!

इझिद्रे : तूच म्हणालास ओळखू नको! नाही ओळखला तुझा चेहरा! आता साखर ओळखीची निघाली त्याला मी काय करू, बेनेट?

बिंता : बेनेट. म्हणजे हॅटचं नाव नव्हतं ते. आणि आत्ता हे कॅटलान बोललात तुम्ही. अस्सल, गल्लीतलं.

बेनेट : बिंता, ऐका...

बिंता : कॉफी संपवा. मी बाहेर आहे.

बेनेट : अहो, थांबा! कॅथेड्रलच्या पायऱ्या आहेत या, नव्वद. माझे गुडघे...

बिंता : गुडघे कुठले? हाएनचे की इथले?

बेनेट : इथलेच. सगळा इथलाच आहे मी. पोस्टमन होतो.

बिंता : हे तरी कॅटलानमध्ये सांगा! मी बोलतेय ना कॅटलान. तुमची भाषा, माझीही भाषा. तरी तुमचं तोंड माझ्याकडे वळलं की स्पॅनिश. मित्राकडे वळलं की कॅटलान.

बेनेट : तुमच्या चेहऱ्यामुळे नाही हो ते.

बिंता : माझे आईबाप गांबियाहून आले. मी इथे जन्मले. पहिली शिवी कॅटलानमध्ये दिली, पहिला मार त्यासाठीच खाल्ला. आणि पाववाला, डॉक्टर, बसचा ड्रायव्हर, सगळे मला बघितलं की स्पॅनिश. सभ्यपणा म्हणून! आज पहिल्यांदा वाटलं, हा माणूस खराच बाहेरचा आहे, याच्याशी स्पॅनिश बोलण्यात काही कमीपणा नाही. छान चाललं होतं माझं. तर तुम्ही निघालात इथलेच.

बेनेट : मी स्पॅनिशची सहल मागून घेतली होती. कोण येणार ते मला काय ठाऊक? कोणीही आलं असतं तरी मी हाएनचाच होतो.

बिंता : का पण? मग आता बोला की कॅटलान. एक वाक्य.

बेनेट : एक बोललो की दिवस संपला. मग परत वळता येत नाही.

बिंता : तुमचा एक दिवस संपेल. माझा रोज संपतो.

बेनेट : ... उशीला घालतात ते. कापडी. त्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?

बिंता : काय?

बेनेट : ते, उशीवरचं. मार्चमध्ये ते बदलायला कपाट उघडलं आणि शब्द आठवेना. कॅटलान शब्द येत होता, तिचा शब्द येईना. आमच्या घरात त्या वस्तूला कॅटलान नावाने कधी कोणी हाक मारली नाही. विचारणार कोणाला? कपाट बंद केलं. तेव्हापासून नुसत्या उशीवर झोपतोय.

बिंता : शब्दकोश असतात की.

बेनेट : शब्दकोशात बघायचं म्हणजे ती परकी भाषा झाली. बायकोशी बोलायची भाषा होती ती. घरात दुसरी नव्हतीच. दोन वर्षं झाली तिला जाऊन. या गावात माझ्याशी ती भाषा कोणी बोलत नाही, कारण मी तसा दिसत नाही.

बिंता : ... फुन्दा.

बेनेट : काय?

बिंता : अभ्रा. फुन्दा म्हणतात.

बेनेट : फुन्दा! हो. फुन्दा. 'फुन्दा उलटा घातलायस, बेनेट.' फुन्दाच.

बिंता : माझ्याशी कोणी कॅटलान बोलत नाही म्हणून मी आयुष्यभर रडते, आणि तुमच्याशी सगळे कॅटलानच बोलतात म्हणून तुम्ही रडताय. हे काय गाव आहे?

बेनेट : बस, पोरी. या पायरीवर बस. इथे दुपारपर्यंत ऊन येत नाही. मी टपालाची पिशवी इथेच टेकवायचो.

बिंता : हे कॅटलानमध्ये म्हणालात.

बेनेट : हो.

बिंता : म्हणजे दिवस संपला तुमचा.

बेनेट : अर्धा मिळाला की. पुष्कळ झाला.

बिंता : पाचपर्यंतची सहल आहे, अर्धी सोडायची नसते. आता असं करू. तुम्ही चालू ठेवा कॅटलान. स्पॅनिश मी बोलते. बघा, हे बोलतेच आहे.

बेनेट : मी कॅटलान आणि तू स्पॅनिश? लोक म्हणतील, म्हातारा बिचारा एवढा तिच्या कानीकपाळी ओरडतोय, आणि ही पोरगी इतकी वर्षं राहून चार शब्द शिकली नाही.

बिंता : ते लोक तसंही म्हणतात. उठा, अजून साठ पायऱ्या आहेत. आणि त्या वरच्या दगडी चेटकिणीचं तुम्ही मला सांगायचं. पुस्तकातलं नको.

बेनेट : पुस्तकातलं मला येतच नाही. ती कॅथेड्रलवर दगड मारायची, म्हणून देवाने तिलाच दगड केलं. आता पावसात तिच्या तोंडातून पाणी पडतं. नेमकं टपाल वाटणाऱ्या माणसाच्या मानेवर.

बिंता : सावकाश चढा. घाई कशाला करताय एवढी?

बेनेट : काय म्हणालीस?

बिंता : सावकाश चढा म्हटलं.

बेनेट : हां. ऐकलं होतं मी. पुन्हा ऐकायचं होतं.

बिंता : ... तर हा नदीवरचा पूल. पाच वाजले, मोलिनासाहेब. सहल इथे संपते. ही रंगीत घरं, खाली ओन्यार नदी. सगळे पर्यटक शेवटचा फोटो इथूनच काढतात.

बेनेट : ते पिवळं घर बघ. तिसरा मजला, हिरव्या झडपा. ती माझी खिडकी.

बिंता : खरंच? आमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आहे ती!

बेनेट : हो, दिलं होतं आणून कोणीतरी. जगात किती घरांत माझ्या खिडकीचा फोटो असेल. मी आत बसलेला असतो, ते काही येत नाही त्यात.

बिंता : उद्या काय करणार?

बेनेट : उद्या मोलिना परत जातो हाएनला. मी अभ्रे घालतो. ... बरं, निघ तू. तुझी बस चुकेल. आज फार बोलायला लावलं तुला.

बिंता : एक सांगायचं राहिलं. शर्टाची बटणं एकेक काज खाली लागलीयत तुमची. एक टोक वर, एक खाली.

बेनेट : कधीपासून?

बिंता : सकाळी चौकात भेटलात तेव्हापासून.

बेनेट : अख्खं गाव फिरलो मी असा! मग तेव्हाच का नाही सांगितलंस?

बिंता : तेव्हा तुम्ही पाहुणे होता.