वामनरावांची साबणाची वाटी

मंडळी, ऐका! आज प्रश्न साधाच आहे — उष्टं म्हणजे काय हो? दुसऱ्याच्या ताटातला घास? उष्टा! दुसऱ्यानं तोंड लावलेला पेला? उष्टा! बरं, दुसऱ्यानं दाढीला वापरलेला साबण? — गप्प झालात! पेटीवाले, हनुवटी चाचपू नका, मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये. अजून.

तर एका तालुक्याच्या गावी वामनराव देवळे नावाचे गृहस्थ. नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होते, आता निवृत्त. पण नोकरी संपली, निरीक्षण काही संपलं नाही! लग्नाच्या पंगतीला पेला घरून न्यायचा. देवळात घंटा वाजवायची ती रुमाल धरून. देवानं काही म्हटलं नाही. देव बिचारा कुणाला काय म्हणतो!

असे हे वामनराव एका रविवारी जुन्या बाजारात गेले, आणि काय घेऊन आले? एक लाकडी वाटी. वाटीत दाढीचा साबण. चंदनाचा. अर्धा वापरलेला! हो, नीट ऐकलंत. अहो, मोह मोह म्हणतात तो हाच! तसला साबण मिळेनासा होऊन वर्षं झालेली. वास ओळखीचा वाटला, आणि साहेबांची अक्कल गेली चरायला! विकणाऱ्याला विचारलं, “कुणाचा रे हा?” तो म्हणाला, “गोणीतून आला, साहेब. गोणीला कुठं विचारता येतं?”

घरी इंदुबाईंनी वाटी दोन बोटांत धरली. “अहो, कुणाच्या गालावरचा हा? कुणाला गजकर्ण असेल, कुणाला आणखी काय!”

“वरचा थर खरवडून टाकतो. खालचा शुद्ध असतो.”

“असं? आणि सोपानभावजींना काय बोलला होतात, आठवतं ना?”

थांबा मंडळी! हा सोपान कोण? सोपान काशीद, गावातला न्हावी, वामनरावांचा लंगोटीयार. भजनाला एकाचा मृदंग, दुसऱ्याचे टाळ. तीस वर्षं वामनरावांची दाढी सोपाननंच केली. खुर्चीत बसलं की मान मागे टाकायची आणि डोळे मिटायचे, ही वामनरावांची सवय. पण अकरा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, खुर्ची रिकामी नव्हती. बाकावर बसावं लागलं. डोळे उघडे राहिले! आणि काय दिसलं? आरशाखाली साबणाची एक वडी, आणि येईल त्याच्या गालाला तीच! वामनराव कडाडले, “सोप्या, एकच साबण साऱ्या गावाच्या तोंडाला? हे दुकान आहे की रोगाचं गोदाम?”

चार गिऱ्हाइकं उठून गेली. त्यातलं एक तर अर्ध्या दाढीनं! सोपान नुसता वस्तरा पुसत राहिला. तेव्हापासून दोघांचा अबोला.

इंदुबाई म्हणाल्या, “दुकान बंद केलंय त्यांनी. हात कापतो म्हणे. परवा मंगळवारी नऊच्या गाडीनं मुलीकडे बार्शीला चाललेत, कायमचे. एकदा भेटून या हो.”

“मी? मी काय खोटं बोललो होतो? यायचं तर त्यानं यावं!”

बोलायला बोलले. पण खरं सांगू? अकरा वर्षं रोज आरशासमोर हनुवटी कापून घेताना त्यांना सोपानचा हात आठवायचा. पण सांगणार कुणाला? ताठा!

सोमवारी खरवडायला बसले. एक थर काढला. संशय आला, दुसरा काढला. दुसऱ्यात निघाला एक पांढरा केस — झालं! तिसरा, चौथा, पाचवा! मंडळी, संशयाला तळ नसतो. साबणाला असतो. दुपारपर्यंत सगळा साबण मोरीत गेला, आणि शुद्ध म्हणून जो उरायचा होता तो काही उरला नाही.

मंगळवारी सकाळी म्हणाले, निदान वाटी तरी वापरू. कडुनिंबाचा पाला टाकून उकळली. बुडाला बसलेली काळी पुटं सुटली. पाहतात तो खाली अक्षरं! वस्तऱ्याच्या टोकानं कोरलेली, वाकडीतिकडी — ‘वामन. दुसऱ्याला लावू नये.’

अहो, कळलं का मंडळी? तो साबण त्यांचाच. तो केसही त्यांचाच!

घड्याळात पावणेनऊ. तसेच धावले! ज्या स्टँडवर चप्पल घालूनही पाय ठेवायला किळस यायची, तिथं अनवाणी! सोपान बाकावर बसला होता, पायाशी ट्रंक. वामनरावांच्या हातातली ओली वाटी बघून म्हणाला, “आठ दिवस शोधतोय रे ही. चुकून भंगाराच्या गोणीत गेली.”

“सोप्या, त्या दिवशी तोंड का नाही उघडलंस?”

“काय सांगू? इन्स्पेक्टरला वेगळा साबण आणि आम्हाला गावाचा, असं म्हणून उरलेलेही उठले असते.” वाटी हातात घेतली त्यानं. “आणि वामन्या, तीस वर्षं गळा दिलास माझ्या वस्तऱ्याखाली. साबणाचाच भरवसा नाही वाटला होय?”

वामनराव रडले. साऱ्या स्टँडदेखत, हुंदके देऊन रडले! सोपाननं खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांचं तोंड पुसलं. टॉवेल धुतलेला होता की नव्हता, हे वामनरावांनी विचारलं नाही.

आणि नऊची गाडी त्या दिवशी नऊला आली. एरवी कधी येते हो? दहा मिनिटं मिळाली दोघांना. अकरा वर्षांतली दहा मिनिटं!

तेव्हा मंडळी, पहिली गोष्ट — दुसऱ्याचा साबण वापरू नका. खरंच नका, खरूज होते. सोपाननंही गावाला एक वडी फिरवायला नको होती, तिथं वामनराव बरोबरच होते. पण माणसाला काही बोलण्याआधी एकदा विचारा तरी! तुमच्या नावाची वाटी कुणी जपून ठेवली असेल, तुम्हाला काय ठाऊक? विचारायला अकरा वर्षं लावू नका. गाडी थांबत नाही.

आणि पेटीवाले, आता तुमच्याबद्दल. दिवाळीपासून तुम्ही आणि तबलजी एकमेकांशी बोलत नाही. मी पुढं उभा असलो तरी मला मागचं सगळं कळतं. आरतीला अवकाश आहे. त्यांच्याकडं बघा जरा. — बघा म्हणतो ना! — हं. आता लावा निरांजन.