पोरीसारखी म्हणजे काय?

तुमी हसाल, पण भर बैठकीत इंग्रजीचा अलंकार चौथी नापास माणसानं वापरलाय, आणि तो माणूस मी हाय.

नातीला बघायला माळशिरसची मंडळी आली होती. नात भवानी पेठेतल्या शाळेत इंग्रजी शिकवते. लग्नानंतर नोकरी सोडायची न्हाय, एवढंच तिचं म्हणणं. मुलाच्या मामानं रिवाजापरमाणं परीक्षा घेतली, "सध्या काय शिकवतीस, पोरी?"

ती म्हणाली, "अलंकार. मुलगा वाघासारखा आहे म्हटलं की सिमिली. त्यात 'सारखा' म्हणून जरा अंतर ठेवतात. मुलगा वाघच आहे म्हटलं की मेटाफर. त्यात अंतरच ठेवत नाहीत."

मामानं पोह्यांची बशी पुढं ओढली. मग मी नोकरीचा विषय काढला. मुलाची आई गोड हसली, "काळजी कशाला? पोरीसारखी ठेवू की!"

"ही तर सिमिली झाली," मी म्हणालो. "सारखी म्हटलं की अंतर आलं. तुमची सख्खी पोरगी काय करती?"

"माढ्याला बँकेत हाय."

"लग्न झाल्यावर नोकरी सोडली?"

"का म्हणून सोडंल?"

"मग हिनं?"

बाई पदर नीट करत म्हणाल्या, "ते बघू की पुढं."

माझा मुलगा मला डोळ्यांनी दटावत होता. आता स्थळ गेलंच म्हणायचं. तेवढ्यात इतका वेळ पोहे खात बसलेला नवरामुलगा बोलला, "आजोबा, त्यांची नोकरी चालूच राहणार. ह्यात अलंकार कुठलाच न्हाय."

आईनं डोळे वटारले. गड्यानं खुशाल आणखी पोहे मागितले.