शंभरात चाळीस

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मुख्य अभियंता साहेब, खात्यातले सहकारी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या हवामानतज्ज्ञ बाई,

धरण कार्यालयाचा प्रमुख म्हणून दोन गोड शब्द बोलावेत, असं मला बजावण्यात आलंय. प्रयत्न करतो.

बाईंना आम्ही पाठीमागे 'टक्केबाई' म्हणायचो. हसतायत, म्हणजे माहीत होतं! अकरा वर्षांपूर्वी त्या छत्तीस पानांचा अहवाल घेऊन आल्या. मी म्हणालो, "बाई, हे सगळं खरं, पण दरवाजे उघडू की नको, तेवढं सांगा." दुसरं कुणी रागावलं असतं. या मात्र पावसाळाभर आमच्या दरवाजेवाल्या मामांशेजारी स्टुलावर बसल्या. निर्णय कोण घेतं, किती वाजता घेतं, घाबरतं कशाला, सगळं विचारलं. पुढच्या वर्षी छत्तीस पानांची एक चिठ्ठी झाली. रोज सकाळी आठला, दोन ओळी. विज्ञान लोकांच्या उपयोगाला आणायचं म्हणजे आणखी काय करायचं असतं, सांगा बरं?

पण आमच्या फॉर्मवर चौकोन दोनच. पूर येणार : होय, नाही. शंभरात पन्नासच्या खाली असलं की 'नाही', ही आमची वहिवाट. असा नियम कुठेच लिहिलेला नाही. मी शोधून पाहिलं, पण नंतर.

सहा वर्षांपूर्वी, पुराच्या त्या वर्षी, एका सकाळी चिठ्ठी आली. "पाच दिवसांत मोठ्या पुराची शक्यता शंभरात चाळीस. आजपासून थोडंथोडं पाणी सोडलं तर निभावेल." मी 'नाही'वर खूण केली. मामा म्हणाले, "साहेब, शंभरातली चाळीस अंडी नासकी आहेत म्हटल्यावर टोपली घेईल का कुणी?" मी म्हणालो, "मामा, तुम्ही तुमचे दरवाजे सांभाळा."

चौथ्या दिवशी दुपारी सगळे दरवाजे एकदम उघडावे लागले. मामांनीच उघडले. खालच्या वस्तीत त्यांची धाकटी बहीण राहायची. ती सापडली नाही.

चौकशी अहवालात काय आलं? 'हवामानाचा अंदाज चुकला.' फॉर्मवर 'नाही' होतं ना! चिठ्ठी अहवालाला जोडली गेली नाही. जोडली गेली नाही कसली, मी जोडली नाही. त्या एका वाक्याचा आधार घेऊन बाईंचा विभाग आज बंद होतोय. साहेब, घड्याळ पाहू नका, आटोपतोय.

तेव्हापासून सहा वर्षं बाईंनी एकच मागितलं, तिसरा चौकोन छापा : 'थोडं पाणी सोडा'. फाइल काल परत आली. शेरा असा, 'जुने छापील फॉर्म संपल्यावर विचार करावा.' फॉर्म दोन कपाटं भरून आहेत. माझी नोकरी संपेल, ते संपणार नाहीत.

बाई, अंदाज चुकला नव्हता. हे मी तेव्हा कागदावर लिहायला हवं होतं. आज माइकवर बोलून तुम्हाला काडीचा उपयोग नाही. उद्या आठला चिठ्ठी येणार नाही, फॉर्म मात्र भरावाच लागेल.

आयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. बाकीच्याची माफी इथे मागून भागणार नाही. मामांना आजच्या समारंभाची पत्रिका द्यायला मी स्वतः गेलो होतो. त्यांनी ती पूर्ण वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवली.