न प्यायलेली बाटली

बारामतीला साखरेच्या डॉक्टरांकडे सारजा नंबराची वाट बघत बसली होती. शेजारी कन्हेरीचे जोतीराम टेकले आणि पलीकडे कोऱ्हाळ्याचे मल्हारराव दिसताच ताठ झाले.

"पाहुणं, तुमी हितं?"

"साखर हाय मला, जोतीराम."

"मग पोरगी बघायला आला व्हता, तवा का न्हाय बोलला? थंड्याची बाटली फोडून हातात दिली, तुमी तोंडबी लावलं न्हाय. आमी समजलो, पोरगी नापसंत."

"पसंत व्हती हो! पर साखरंचं कळलं असतं, तर घराण्यात रोग म्हणून तुमीच नकार दिला असता."

"आन् तुमची बाटली वाया नको म्हणून मीच प्यालो. माझी प्यालो ती येगळीच. दुसऱ्या दिवशी चक्कर. तवापासनं मीबी हितलाच."

"म्हंजी तुमच्याबी घराण्यात..."

"हळू बोला! पोरगी अजून घरात हाय."

"आमचा पोरगा यशराजबी अजून बिनलग्नाचाच हाय."

"मग या की रविवारी."

"येतो. पर चहा बिनसाखरंचा, आन् सगळ्यांनाच. म्हंजी कुणाला कळायचं न्हाय."

"साखर कारखान्याचा सभासद मी, आन् सोयऱ्याला बिनसाखरंचा चहा? गाव हसंल!"

"सारजाबाई! सारजाबाई कोण हाय?" कंपाउंडर दुसऱ्यांदा ओरडला.

"थांबा की जरा," सारजा म्हणाली. "हितं सोयरीक जमतीया."